‘गुरू’चा ‘ख्रू’ होतो तेव्हा

परळीत बसून थाई भाषा कशाला शिकायची, असं मला बरेच जण विचारतात. मी ही भाषा पुण्यात एका थाई विद्यार्थ्याकडे खासगी शिकवणी लावून शिकलो. आता परळीत माझ्याकडे चार-पाच जण येतात. कुणाला हॉटेलच्या कामासाठी बँकॉकला जायचं असतं, कुणाला भिक्खूंशी बोलायचं असतं. जानेवारी २०२३ मध्ये परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे शंभरावर थाई भिक्खूंची पदयात्रा निघाली, तेव्हा आपल्या भागातल्या अनेकांच्या कानावर ही भाषा पहिल्यांदाच पडली.

मराठी माणसाला थाई वाटते तितकी परकी नाही. थाई लिपीत ४४ व्यंजनं आहेत आणि त्यांचा क्रम आपल्यासारखाच ‘क’ वर्ग, ‘च’ वर्ग असा चालतो, कारण दोन्ही लिप्यांचं मूळ ब्राह्मीत आहे. संस्कृत आणि पालीतून आलेले शब्दही पुष्कळ. फक्त उच्चार बदललेले. ‘ग’चा ‘ख’ झाला, म्हणून गुरूचा ‘ख्रू’ आणि नगराचं ‘नखोन’. भाषा म्हणजे ‘फासा’. आपल्या खेड्यात आजही ‘आइतवार’ म्हणतात. थाई माणूस ‘वान आथित’ म्हणतो. दोन्हींत आदित्य आहेच. औपचारिक थाईत डॉक्टरला ‘फॅत’ म्हणतात. हा मूळचा ‘वैद्य’. म्हणजे आमच्या वैद्यनाथाच्या नावातला पहिला शब्द तिथेही नांदतो आहे.

परळी हे रेल्वेचं जंक्शन आणि औष्णिक विजेचं गाव. म्हणून मी पहिल्या दिवशी दोन शब्द हमखास सांगतो. रेल्वेला थाईत ‘रोत फाय’ म्हणतात. ‘रोत’ म्हणजे रथ, ‘फाय’ म्हणजे आग. थेट आपली आगगाडी! फक्त तिथे गाडी आधी आणि आग नंतर, कारण थाईत विशेषण नामाच्या मागे येतं. वीज म्हणजे ‘फाय फा’, आभाळातली आग.

इथपर्यंत विद्यार्थी खूष असतो. खरी परीक्षा पुढे आहे. थाईत पाच सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. सपाट आवाजात ‘मा’ म्हटलं तर ‘येणे’, उंच सुरात म्हटलं तर घोडा, खालून वर चढवलं तर कुत्रा. ‘क्लाय’ सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली सोडलं तर जवळ. देवनागरीत हे सगळे शब्द सारखेच दिसतात. म्हणून वहीत देवनागरीतून थाई वाक्यं लिहून पाठ करणाऱ्याला मी आधी वही मिटायला सांगतो. गंमत म्हणजे या सुरांची नावंही आपल्या ओळखीची आहेत : सामान, एक, थो, त्री, चत्तवा. म्हणजे सामान्य, एक, द्वि, त्रि, चतुर्.

सूर पुस्तकातून येत नाही. तो समोरच्या माणसाच्या तोंडून कानात यावा लागतो, आणि चुकला की त्याच क्षणी कुणी थांबवावं लागतं. पंचवीस जणांच्या वर्गात हे होत नाही, म्हणून खासगी शिकवणीचं महत्त्व. माझे शिक्षक पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐकवायचे आणि हवेत हात फिरवून सुराचा चढ-उतार दाखवायचे. मीही तेच करतो. सोबत मोबाईलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून शिक्षकाच्या आवाजाशी ताडून पाहायला सांगतो. लिपी त्यानंतर, पण लवकरच. कारण व्यंजनांचे तीन गट आणि चार चिन्हं मिळून सूर ठरतो, आणि थाई अक्षरात तो लिहिलेला असतो.

हे सगळं नुसत्या हौसेचं नाही. थायलंडमधल्या नोकरीच्या बनावट जाहिरातींपासून सावध राहा, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ साली दिला होता. तरुणांना तिथे बोलावून पुढे म्यानमारमध्ये नेल्याच्या घटना घडल्या होत्या. आधी कागदपत्रं आणि कंपनीची चौकशी हवीच. पण आपल्याला कुठे नेत आहेत, ते जवळ आहे की लांब, एवढं विचारता आणि ऐकता येणं ही परक्या मुलखात मोठी शिदोरी आहे.

शिक्षक गावात नसेल तर व्हिडिओ कॉलवर शोधा. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. आपल्या सकाळी सातला तिथे साडेआठ. मात्र एक पारख ठेवा. जो शिक्षक तुमच्या प्रत्येक शब्दाला ‘छान’ म्हणतो, त्याच्यापेक्षा जो एकाच ‘मा’वर दहा वेळा थांबवतो, त्याच्याकडे जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)