दुधाचा खाडा आणि टॅबवरचं कॅलेंडर

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरने मराठी घरांचा संसार वर्षानुवर्षं सांभाळला आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींची सुट्टी, विम्याचा हप्ता, सगळं त्या चौकोनांत मावतं. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये निघालं आणि पंचांग व हिशेब एकाच खिळ्यावर आले.

आता त्याच घरात एक टॅबही असतो. बऱ्याच ठिकाणी तो लॉकडाउनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी आला आणि शाळा सुरू झाल्यावर कपाटात गेला. नोकरी, मुलांचे क्लास, आई-वडिलांच्या तपासण्या यांत ओढाताण होणाऱ्या घराला त्याचा मोठा आधार होऊ शकतो, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर न मावणारा अख्खा आठवडा टॅबवर एका नजरेत दिसतो. पण काही गैरसमजांमुळे लोक त्याच्या वाटेला जात नाहीत, किंवा हौसेने सुरू करून महिनाभरात सोडून देतात. ते गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : नेट गेलं किंवा टॅब बिघडला की सगळ्या नोंदी गेल्या.

वस्तुस्थिती : कॅलेंडर ॲप नोंदींची एक प्रत टॅबमध्येच ठेवतं. घाटात रेंज गेली तरी आधीच्या नोंदी दिसतात, नवी करता येते आणि रिमाइंडर वाजतो. दिसत नाही ते एवढंच, की त्या वेळात घरच्या कुणी आपल्या फोनवरून काय बदललं. टॅब फक्त वाय-फायवर चालत असेल, तर घराबाहेर पडण्यापूर्वी कॅलेंडर एकदा उघडून ताजं करून घ्यावं.

टॅब बिघडण्याचं उत्तर मात्र नोंद कुठे साठते त्यावर आहे. ती तुमच्या अकाउंटमध्ये असेल, तर नव्या टॅबवर लॉग-इन केलं की परत येते. ती फक्त त्या टॅबच्या आतल्या कॅलेंडरमध्ये असेल, तर टॅबबरोबरच जाते. नवी नोंद करताना वर कोणत्या कॅलेंडरचं नाव येतं, ते आजच पाहून घ्या. एका कंपनीकडून दुसरीकडे जाणंही अवघड नाही. नोंदी लिहिण्याची ‘आयकॅलेंडर’ ही सामाईक पद्धत १९९८ पासून ठरलेली आहे आणि गुगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट या तिन्हींची कॅलेंडरं ती वाचतात.

गैरसमज २ : कॅलेंडर शेअर केलं की माझं सगळं खासगी सगळ्यांना दिसणार.

वस्तुस्थिती : किती दाखवायचं ते तुम्ही ठरवता. गुगल कॅलेंडरमध्ये समोरच्याला फक्त ‘या वेळेत मी मोकळी नाही’ एवढंच दिसावं, की पूर्ण तपशील दिसावा, की त्याला बदलही करता यावा, हे माणसागणिक वेगळं ठेवता येतं. घरासाठी एक, स्वतःसाठी एक, अशी दोन कॅलेंडरं करून फक्त घरचं शेअर करणं सगळ्यांत सोपं. ऑफिसच्या अकाउंटचे नियम मात्र ऑफिस ठरवतं. डॉक्टरकडच्या भेटी तिथे नोंदवू नयेत.

गैरसमज ३ : एकदा ‘रिपीट’ लावलं की आयुष्यभराची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : यंत्र तुमचा हेतू ओळखत नाही, नियम पाळतं. भाड्याची आठवण ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ लावली, तर ज्या महिन्याला ३१ तारीख नाही तो महिना बहुतेक ॲप सरळ वगळतात. म्हणजे वर्षात बाराऐवजी सातच आठवणी. अशा कामासाठी २८ तारीख धरावी.

तिथीच्या बाबतीत तर ही चूक हमखास होते. वडिलांचं श्राद्ध किंवा तिथीने येणारा वाढदिवस इंग्रजी तारखेवर ‘दरवर्षी’ लावला, की पुढच्याच वर्षी तो चुकतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणून तिथी दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. म्हणून नवं पंचांग घरात आलं, की तासभर बसून वर्षाच्या तिथी तारखांप्रमाणे टॅबवर उतरवून घ्याव्यात. भिंतीवरचं कॅलेंडर आणि टॅब एकमेकांना पूरक आहेत, ते असे.

गैरसमज ४ : परदेशातल्या लेकीशी बोलायची वेळ एकदा ठरली की ठरली.

वस्तुस्थिती : आपली घड्याळं वर्षभर एकाच प्रमाणवेळेवर चालतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणची मात्र वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. लेक न्यू जर्सीत असेल आणि तिने सकाळी ११ ची नोंद केली असेल, तर उन्हाळ्यात तुमच्या टॅबवर रात्री ८.३० दिसेल, हिवाळ्यात ९.३०. टॅब बिघडलेला नाही, तो बरोबर सांगतो आहे. तुम्हाला ८.३० च कायम हवे असतील, तर नोंद भारतीय वेळेवर करा. मग हिवाळ्यात तिला सकाळी दहालाच बसावं लागेल, हे तिच्याशी आधी बोलून घ्या. ब्रिटनमध्ये हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. तिन्ही देशांतली भावंडं एकत्र बोलत असतील, तर मधल्या आठवड्यांत जास्त जपावं.

गैरसमज ५ : नुसती तारीख टाकली तरी पुरे, आठवण राहीलच.

वस्तुस्थिती : वेळ न लिहिलेलं काम दिवसभर पुढे ढकललं जातं. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीतला प्रयोग प्रसिद्ध केला. फ्लूची लस कुठे, कधी मिळेल हे पत्र सगळ्या कर्मचाऱ्यांना गेलं. काहींच्या पत्रात, आपण कोणत्या दिवशी, किती वाजता जाणार, हे स्वतः लिहायला जागा होती. साध्या पत्रावर ३३.१ टक्के लोकांनी लस घेतली, दिवस आणि वेळ लिहायला सांगितलेल्यांपैकी ३७.१ टक्क्यांनी. वाढ छोटी आहे, पण ती कागदावरच्या एका ओळीने झाली. ‘बँकेचं काम’ असं न लिहिता ‘बुधवार, ११.१५, केवायसीचे कागद घेऊन बँकेत’ असं लिहा.

गैरसमज ६ : भरगच्च कॅलेंडर म्हणजे उत्तम नियोजन.

वस्तुस्थिती : सगळ्यांत जास्त त्रास याच समजुतीने होतो. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध कधी पुरा होईल हे विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक.

टॅबवर हेच घडतं. डोंबिवलीहून दादरला दातांच्या डॉक्टरकडे पाच वाजता जायचं असेल, तर आपण पाच ते साडेपाच लिहितो. खरा वेळ जातो साडेतीन ते सात. लिहिलेल्या अर्ध्या तासाच्या दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात, म्हणून तिथे आणखी दोन कामं बसवली जातात, आणि रात्री आपण स्वतःलाच आळशी ठरवतो. चूक आळसाची नसते, नोंदीची असते. प्रवास वेगळी नोंद म्हणून लिहा, जेवण आणि विश्रांतीही लिहा. उरलेली जागा हीच तुमची खरी मोकळीक.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची एक सवय टॅबवर आणा. दुधाचा खाडा आपण दूध न आल्यावर लिहितो, त्यामुळे महिनाअखेरचा हिशेब कधी चुकत नाही. तसंच रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी टॅबसमोर बसून मागच्या आठवड्याच्या नोंदी खऱ्या वेळांप्रमाणे दुरुस्त कराव्यात. महिनाभरात कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते घरातल्या लहानथोरांना दिसू लागेल, आणि पुढच्या आठवड्यात कशाला नाही म्हणायचं हेही.