नोंदवहीत न मावलेलं



इतकी वर्षं नर्सचं काम केलं, त्यामुळे कुठलाही जुना कागद हाती आला की मी आधी नाव, वय आणि तारीख बघते. ती सवय काही सुटत नाही.

व्हर्जिनिया राज्यात लेक्सिंग्टन गावी १८३९ साली सुरू झालेलं लष्करी कॉलेज आहे, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट. तिथल्या दप्तरखान्यात जुने हुकूम, विद्यार्थ्यांची नोंदवही, प्रमुखांचा पत्रव्यवहार आणि मुलांनी घरी लिहिलेली पत्रं जपून ठेवली आहेत. बरीचशी आता कॉम्प्युटरवर घरबसल्या वाचता येतात.

त्यात एक नाव आहे, मोझेस इझिकेल. आडनाव ऐकून आपल्यातलाच वाटतो ना? पण हा रिचमंडचा, जन्म १८४४ चा, त्या कॉलेजातला पहिला ज्यू विद्यार्थी.

१५ मे १८६४ ला न्यू मार्केटच्या लढाईत कॉलेजचे २५७ विद्यार्थी उतरले. त्यांतले दहा गेले. ही मुलं दक्षिणेकडून, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूनं लढली. मुलांनो, हे झाकून ठेवायचं नाही.

मोझेसचा मित्र थॉमस गार्लंड जेफरसन सतरा वर्षांचा. त्याला गोळी लागली. मोझेसनं त्याला शोधून काढलं, गावातल्या एका घरी नेलं आणि तो उशाशी बसून राहिला. थॉमस ख्रिस्ती, त्याला नव्या करारातलं ऐकायचं होतं. मोझेसनं वाचून दाखवलं. १८ मेला थॉमस गेला.

नोंदवहीत नाव आणि तारीख येते. उशाशी कोण होतं, ते मोझेसनं पुढे आपल्या आठवणींत लिहिलं म्हणून कळलं.

मोझेस नंतर रोममध्ये नावाजलेला शिल्पकार झाला. शोक करणाऱ्या व्हर्जिनियाचा त्यानं घडवलेला पुतळा १९०३ साली कॉलेजात उभा राहिला. त्या दहांपैकी सहाजण तिथंच पुरलेले आहेत. लढाईच्या स्मरणदिनी त्या दहांची नावं पुकारायची आणि प्रत्येक नावाला एका विद्यार्थ्यानं उत्तर द्यायचं, अशी तिथली परंपरा. वाचताना मला हश्काब्याची आठवण झाली.

आपल्या घराण्यांतही सुभेदार, जमादार होऊन गेले. त्यांच्या पेन्शनचा कागद एखाद्या ट्रंकेत सापडेलही, पण शेवटच्या दुखण्यात त्यांना पेज कोणी भरवली, हे त्यात नसतं. तेव्हा आपण वयस्कर मंडळींनी सांगावं, आणि मुलांनो, तुम्ही लिहून घ्या. मराठी जमत नसेल तर इंग्रजीत लिहा. फक्त वर तारीख टाकायला विसरू नका!