कण्हेरीची लागवड आणि छाटणीच्या वेळची दक्षता

देवपूजेसाठी बाराही महिने फूल देणारे, कमी पाण्यावर तग धरणारे आणि गुरांच्या तोंडापासून आपोआप सुरक्षित राहणारे झुडूप म्हणून कण्हेरीची ख्याती आहे. विहिरीच्या काठी, देवळाच्या आवारात व शेताच्या बांधावर ती पूर्वापार आढळते. अलीकडे महामार्गांच्या दुभाजकांतही ती मोठ्या प्रमाणावर लावली जाते. हिरव्या झाडास गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावरून ती निर्धोक मानण्याची जी समजूत खेड्यापाड्यांतून रूढ आहे, ती घातक होय. पाला कडू असल्यामुळे गुरे तो टाळतात. तोच पाला तोडल्यावर कोमेजला किंवा वाळला म्हणजे त्याचा कडूपणा कमी जाणवतो, विष मात्र कायम राहते. म्हणून कण्हेरीपासून खरा धोका उभ्या झाडापेक्षा तोडलेल्या फांदीचाच अधिक असतो.

वनस्पतिशास्त्रात कण्हेरीस ‘नेरियम ओलिअँडर’ म्हणतात. भारतातील सुवासिक कण्हेर ही निराळी जात मानण्याचा प्रघात पूर्वी होता. आता दोन्ही एकच समजल्या जातात. संस्कृतात तिला ‘करवीर’ हे नाव आहे, तसेच ‘अश्वमारक’, म्हणजे घोड्यास मारणारी, असेही आहे. पूर्वजांनी नावातच इशारा देऊन ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

कण्हेरीस पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. हलकी, मुरमाड जमीनही तिला वर्ज्य नाही. पाणी साचून राहणारी जागा मात्र टाळावी. ऊन भरपूर हवे, कारण सावलीत झाड वाढते पण फुले तुरळक येतात. लागवड छाट कलमांनी करावी. पक्व फांदीचे वीतभर लांबीचे तुकडे घेऊन खालची पाने काढावीत व पावसाळ्याच्या आरंभी ते वाफ्यात किंवा पिशवीत लावावेत. मुळे धरल्यावर सुमारे २ मीटर अंतरावर खड्डे घेऊन, शेणखत घालून रोपे लावावीत. तमिळनाडूत, विशेषतः सेलम भागात, हारांच्या फुलांसाठी कण्हेरीची शेते केली जातात. तेथे कळ्या उमलण्यापूर्वी पहाटे तोडून बाजारात पाठविण्याची रीत आहे. पांढरी, गुलाबी व तांबडी असे तिचे प्रकार आहेत. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो. तेवढे शेंडे खुडून टाकल्यास बहुधा भागते.

फुले नव्या फुटीच्या टोकास येत असल्याने छाटणीवाचून चालत नाही. मुख्य बहार ओसरल्यावर, हिवाळ्याच्या आरंभी ती करणे सोयीचे पडते. परंतु याच सुमारास खरीप ज्वारीचा कडबा खळ्यावर व गोठ्याजवळ रचला जात असतो. बांधावर पसरलेल्या कण्हेरीच्या डहाळ्या गवताबरोबर कापल्या गेल्या किंवा कडब्यात मिसळल्या, की त्या वैरणीबरोबर थेट गव्हाणीत जातात. कुट्टी केलेल्या वैरणीतून तो पाला वेचून काढणे जनावरास शक्य होत नाही. मोठ्या जनावराचा जीव घेण्यास दहा-वीस पानेही पुरी पडतात.

यास्तव छाटणीपूर्वी झाडाखाली जुने कापड अंथरावे व पडलेले पान न् पान गोळा करावे. हा पाला गोठा, खळे व पाणवठा यांपासून दूर खोल खड्ड्यात पुरावा. तो जाळू नये, कारण धूरही अपायकारक असतो. या लाकडाचा चुलीसाठी उपयोग करू नये. दातवणासाठी ही काडी कधीही घेऊ नये. झाडाचा चीक त्वचेस व डोळ्यांस झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि काम संपल्यावर हात व कोयता साबणाने धुवावेत. पाने पडलेले हौदातील पाणीही जनावरांस पाजू नये. नवी लागवड करताना गोठ्याची भिंत व हौदाची कड टाळली, तर निम्मी चिंता तेथेच मिटते.

विषबाधा झालेले जनावर चारा सोडते, त्यास हगवण लागते, पोटदुखीने ते अस्वस्थ होते व नाडी अनियमित चालते. कित्येकदा एखाद्या दिवसातच ते दगावते. कण्हेरीतील ओलिअँड्रिन व तत्सम द्रव्ये हृदयाच्या स्नायूंचे कार्य बिघडवितात. त्यामुळे घरगुती काढे पाजण्यात वेळ दवडू नये. जनावरास सावलीत शांत उभे करावे, उरलेली वैरण बाजूस ठेवावी आणि पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. त्या वैरणीतील पानांचा नमुना त्यास दाखवावा.

माणसांच्या बाबतीतही हीच तत्परता हवी. केरळात मे २०२४ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध कण्हेरीच्या सेवनाशी जोडला गेला, तेव्हा तेथील देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात हे फूल वापरणे थांबविले. देवास वाहिलेले फूल तीर्थात वा प्रसादाच्या ताटात पडू न देणे हे आपल्याकडेही पाळण्याजोगे आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही निराळी वनस्पती असली तरी तितकीच विषारी आहे. तिच्या टणक बियांशी मुले खेळतात, म्हणून शाळेच्या आवारात ती लावू नये. कोणी पान, फूल किंवा बी खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता आणि उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता, त्यास थेट रुग्णालयात न्यावे व झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत द्यावी.