खर्ज जेव्हा रचना होतो

रॉक आणि पॉपचा इतिहास सांगताना इलेक्ट्रिक गिटार नेहमी पुढे उभी असते. पण १९६० नंतरची गाणी आधीच्या गाण्यांपेक्षा इतकी वेगळी का वाटतात, हे शोधायचं तर कान खाली, खर्जाकडे न्यावा लागतो. तिथे बेस गिटार वाजते आहे. तिने खर्जाचा आवाज वाढवला, हे सगळेच मान्य करतात. माझा दावा त्याहून मोठा आहे: तोवर साथीत मोडणारा खर्ज तिच्यामुळे गाण्याच्या रचनेचा भाग झाला.

तिचा जन्म मात्र सोयीपोटी झाला. डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य. गावोगाव न्यायला अवघड आणि ड्रम्स-ट्रम्पेटच्या गजरात ऐकू न येणारं. सिएटलमध्ये पॉल टटमार्कने १९३०च्या दशकातच विजेवर चालणारा, आडवा धरायचा बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. १९५१मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ आणला. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे स्वर नेमका लागे आणि गिटार वाजवणाऱ्यालाही ते लवकर जमे. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरीने ते सुरुवातीच्या काळातच हाती घेतलं. तरी बहुतेकांच्या लेखी ते डबल बेसची बदली होतं, आणि वाजवायचंही तेच: मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर.

हे बदललं डेट्रॉइटमध्ये. मोटाउन कंपनीचा स्टुडिओ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात होता. तिथे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडत असे. तो डबल बेसवर, जॅझ वाजवत तयार झालेला. ‘माय गर्ल’ (१९६४) त्याच्या एकट्याच्या बेसने उघडतं. गिटार नंतर येते. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो फार लांब गेला. फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ (१९६७) ऐकावं. मूळ स्वरावर ठाण मांडायचं सोडून तो दोन कॉर्डच्या मधले स्वर घेत जातो, मात्रा टाळून तिच्या अलीकडे-पलीकडे आघात करतो, मध्येच गप्प होतो. गायक एकच स्वर धरून असतो आणि खालचा स्वर सरकला की त्याच धरलेल्या स्वराचा रंग पालटतो. सुरावट वर चालू असताना तिचा अर्थ खालून ठरतो आहे, हे इथे स्पष्ट ऐकू येतं. जेमरसनचा प्रभाव पॉल मॅकार्टनीने उघडपणे मान्य केला आहे. ‘सार्जंट पेपर’च्या (१९६७) बऱ्याच गाण्यांत मॅकार्टनीने बेस शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवला, म्हणजे बाकीचं सगळं ऐकून, विचारपूर्वक रचून. पुढे लॅरी ग्रॅहमने अंगठ्याने तार ठोकून बेसकडून ड्रम्सचंही काम घेतलं, आणि जमैकाच्या रेगेमध्ये तर बेसची ओळच गाण्याचा चेहरा झाली.

यावर आक्षेप येईल, की चालता, बोलका खर्ज जॅझमध्ये आणि क्युबाच्या संगीतात आधीपासून होता. होताच, जेमरसनची विद्या तिथलीच. पण तो लाखो लोकांपर्यंत पोचायला हवा होता. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि छोट्या रेडिओचा स्पीकर तो उमटवूच शकत नाही. कान तो वरच्या उपस्वरांवरून ओळखतो. विजेच्या बेसचे हे उपस्वर ठसठशीत टिपले जातात, म्हणून मोटारीतल्या रेडिओवरही ओळ हरवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १९८०नंतर सिंथेसायझर आणि ड्रम मशीनने ही जागा घेतली, आणि प्रिन्सने ‘व्हेन डव्हज क्राय’मधून (१९८४) बेस काढूनच टाकला. वाद्याची मक्तेदारी गेली, हे खरंच आहे. पण यंत्रं ज्या जागेत आली ती बेस गिटारने मोकळी केली होती. आणि प्रिन्सचं गाणं आजही बेस नसलेलं गाणं म्हणून सांगितलं जातं, यातच ऐकणाऱ्यांची अपेक्षा किती पक्की झाली होती ते दिसतं.

सर्वांत ठोस पुरावा मला गीतकार-संगीतकारांच्या श्रेयनामावलीत दिसतो. १९७९मध्ये ‘शिक’च्या ‘गुड टाइम्स’साठी बर्नार्ड एडवर्ड्सने वाजवलेली बेसची ओळ त्याच वर्षी शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये पुन्हा वाजवली गेली. एडवर्ड्स आणि ‘गुड टाइम्स’चा सहरचनाकार नाइल रॉजर्स यांनी हक्क सांगितला, आणि त्या रॅपच्या रचनाकारांत त्यांची नावं घालावी लागली. तिथे शब्द नवे होते, गाणारे नवे होते. घेतला होता तो मुख्यतः खालचा भाग. जेमरसनच्या वाट्याला हे आलं नाही. मोटाउनच्या बहुतेक तबकड्यांवर वादकांची नावंच छापली जात नसत; त्याचं नाव ठळकपणे आलं ते १९७१मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. ‘माय गर्ल’चे रचनाकार म्हणून स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांची नोंद आहे. ते गाणं ज्या सुरांवरून पहिल्या क्षणी ओळखू येतं, ते वाजवणाऱ्याचं नाव त्या नोंदीत नाही.