आधी जोडकाम, मग जस्त

गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात माल उतरला की फोरमन आधी भोकं शोधतो. देवगडच्या आमच्या घराच्या पडवीसाठी केलेल्या लोखंडी कैच्या आणि खांब घेऊन मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत गेलो होतो. टेम्पोतून उतरवलेल्या प्रत्येक चौकोनी पाइपवरून त्यांनी हात फिरवला, टोकाच्या पट्ट्या हातोडीनं ठोकून पाहिल्या आणि एका खांबाशी थांबले.

"ह्यो दोन्हीकडनं बंद हाय. भोक पाडल्याबिगर आत जाणार न्हाई."

पोकळ पाइपच्या पोटात चमचाभर पाणी अडकलं असेल, तर साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात त्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. पाइप फुटतो, जस्त उडतं, आणि हौदाच्या काठावर माणसं उभी असतात. म्हणून प्रत्येक बंद पाइपला एक भोक हवा जायला आणि एक जस्त यायला-जायला, तेही अगदी कोपऱ्यात. त्याच भोकांतून जस्त आतही पोहोचतं आणि पाइपची आतली बाजूही मढली जाते. रंगाऱ्याचा ब्रश तिथे कधीच पोहोचत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लोखंड जस्तात बुडवलं की झालं काम. प्रत्यक्षात बराचसा वेळ धुण्यात जातो. आधी कॉस्टिकच्या गरम पाण्यात तेल आणि ग्रीस निघतं, मग साध्या पाण्यात खंगाळणं, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाक्या. तिथे गंज सुटतो आणि कारखान्यातून नव्या लोखंडावर आलेला काळा पापुद्राही. टाक्यांजवळ घसा धरतो. पण तेलरंग या ॲसिडला दाद देत नाही. फॅब्रिकेटरनं ओळखीसाठी रंगानं नंबर टाकला असेल, तर नेमक्या त्या आकड्यावर जस्त धरत नाही आणि तो आकडा काळाच राहतो. वेल्डिंगवर राहिलेल्या स्लॅगचंही तेच. आमच्या एका कैचीच्या जोडावर स्लॅगची खपली होती. एका कामगारानं ती बोटानं चाचपली आणि काही न बोलता ग्राइंडर लावला. या कामात खोटेपणा लपत नाही हे मला फार आवडलं. रंग घाणीवरही बसतो आणि वर्षभर खपून जातो, जस्त मात्र घाणीवर बसतच नाही.

ॲसिडातून निघालेलं लोखंड राखाडी आणि उघडंवाघडं दिसतं. ते हवेत राहिलं तर पुन्हा तांबूस व्हायला लागतं, म्हणून पाण्यातून काढून लगेच फ्लक्समध्ये जातं. फ्लक्स म्हणजे झिंक क्लोराइड आणि नवसागर यांचं पाणी. ते लोखंडावर वाळलं की क्रेन माल उचलून हौदावर आणते.

हौदाला इथे सगळे 'बाथ' म्हणतात. जस्त ४१९ अंशांच्या जरा वर वितळतं, बाथ साधारण ४५० अंशांवर ठेवतात. वर मळकट साय धरलेली असते, ती जस्ताची राख. दोन कामगार लांब दांड्याच्या फाळींनी ती बाजूला ओढतात आणि खाली आरसा उघडा पडतो. लोखंड त्याला टेकलं की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुराचा वास लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा, तेव्हाचाच. त्याच्या हातातला नवसागर इथेही तेच काम करतो, धातूचा शेवटचा मळ उचलण्याचं.

पण कल्हईचं कथील आणि हे जस्त यांचा स्वभाव मात्र उलटा आहे. लोखंडावर कथील चढवलं आणि त्याला चरा पडला, तर तिथलं लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही लवकर सडतं, कारण कथील स्वतःला वाचवतं आणि लोखंडाला पुढे करतं. जस्ताला चरा पडला तर आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि उघडं पडलेलं लोखंड शाबूत राहतं. भेग फार रुंद नसेल, तर हे संरक्षण वर्षानुवर्षं चालतं. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली गरम जस्ताच्या या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून सगळा व्यवहार जस्ताच्या या झिजण्यावर उभा आहे.

माल आत गेल्यावर त्याच्याभोवती जस्त खदखदतं. ती खदखद थांबेपर्यंत फोरमन नजर हलवत नाहीत. ती शांत झाली म्हणजे लोखंड आणि जस्त यांची आपसातली क्रिया आटोपत आली. इथे वरून लेप चढत नाही, दोन्ही धातूंच्या मिश्रणाचे थर लोखंडातूनच उगवतात. त्यांतला मधला थर खुद्द पोलादापेक्षा कठीण असतो आणि सगळ्यांत वर शुद्ध, मऊ जस्त. नंतर क्रेन माल अगदी सावकाश वर घेते. घाई केली की जस्ताचे ओघळ राहतात. खालच्या टोकाला लोंबणारे थेंब सळईनं झटकले जातात, आणि माल चर्रकन पाण्यात.

थंड झालेल्या खांबावर फोरमननी मायक्रॉन मीटर टेकवून दाखवला. आकडा ७८. आयएसओ १४६१ या मानकानुसार ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर सरासरी किमान ७० मायक्रॉन थर लागतो, त्याहून जाड पोलादावर ८५. आता याच्याशेजारी बाजारातला १२० जीएसएमचा पत्रा ठेवा. चौरस मीटरमागे हे १२० ग्रॅम जस्त दोन्ही बाजू मिळून असतं. एका बाजूला येतं जेमतेम साडेआठ मायक्रॉन. दुकानात दोन्हींचं नाव एकच, 'जीआय'. खाऱ्या वाऱ्यात जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजतं, अगदी लाटांसमोर त्याहून जास्त. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

कोकणात मात्र खरं नुकसान होतं ते जोडांवर. फॅब्रिकेटर तयार जीआय पाइप आणतो, अंगणातच कापतो, वेल्डिंग करतो आणि जोडावर चंदेरी रंगाचा हात मारतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगचा आर्क त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे जोडाच्या आजूबाजूचं जस्त पांढरा धूर होऊन उडून गेलेलं असतं. तो धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वरचा चंदेरी रंग बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा. तो दिसतो जस्तासारखा, पण लोखंडासाठी झिजत नाही. गावातल्या कुठल्याही दोन पावसाळे झालेल्या गेटकडे पाहा, तांबडे ओघळ वेल्डिंगखालीच दिसतील. साइटवर जोड टाळता येतच नसेल, तर तिथे घासून झिंक-रिच प्रायमर लावावा, किंवा सुटे भाग गॅल्व्हनाइज करून आणावेत आणि नटबोल्टनं जोडावेत. आमच्या कैच्या अशाच जोडल्या. त्यासाठीची बोल्टची भोकं बुडवण्याआधीच पाडली होती.

आणखी एक गोष्ट नवा माल घरी आल्यावरची. पावसाळ्यात तो एकावर एक चिकटवून ताडपत्रीखाली ठेवू नका. फटींत पाणी अडकतं, हवा खेळत नाही, आणि जस्तावर पांढरी भुकटी धरते. मोकळ्या हवेत हेच जस्त हळूहळू कार्बोनेटची राखाडी साय धरतं आणि ती त्याला टिकवते. म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या घाला आणि थप्पी तिरपी लावा.

समुद्राकाठी लोखंडाचं काही करून घेणार असाल, तर फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी दोन गोष्टी विचारा. जस्त किती मायक्रॉन असेल, आणि वेल्डिंग गॅल्व्हनायझिंगच्या आधी होणार की नंतर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नंतर' आलं, तर काम दुसऱ्याला द्या.