यंत्राचे वर्णन आणि यंत्राचा पत्ता

संगणकजालात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा असा एक क्रमांक असावा लागतो. ‘ईथरनेट’ जालात या क्रमांकाला ‘मॅक पत्ता’ म्हणतात. तो ४८ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ४८ अंकांचा असतो. सामान्यतः त्यातील पहिले २४ बिट निर्मात्याची ओळख देतात. ही ओळख ‘आयईईई’ ही अभियंत्यांची संस्था नेमून देते. उरलेल्या २४ बिटांतून निर्मात्याला १,६७,७७,२१६ निरनिराळे पत्ते देता येतात. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले योगेन दलाल व त्यांचे सहकारी रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मध्ये एका निबंधात या ४८ बिटी क्रमांकांची मीमांसा केली. यंत्र जगात कोठेही नेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या यंत्राशी जुळू नये, हे तिचे मूलतत्त्व होय.

हे तत्त्व मोडले तर काय होते? कोणता पत्ता कोणत्या तारेवरून बोलला याची नोंद जालातील ‘स्विच’ नावाचे उपकरण ठेवते व तीप्रमाणे संदेश पोचविते. एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत दोन संगणकांचा पत्ता एकच असेल, तर ही नोंद क्षणोक्षणी उलटसुलट होते आणि एकाचे संदेश दुसऱ्याच्या दारी जातात. प्रत्येक यंत्र एकटे तपासले असता निर्दोष आढळते. म्हणून हा दोष शोधून काढणे विशेष कठीण जाते.

वर्णनपत्राचे प्रयोजन

मेजावरील संगणकाचे पुष्कळसे भाग विचारणा होताच आपली ओळख आपणच सांगतात. लहान संगणक-फलकांवरील चिपच्या अंतर्भागांना ते साधत नाही. म्हणून फलकावर कोणते भाग आहेत, ते कोठे आहेत व एकमेकांस कसे जोडले आहेत, हे एका वर्णनपत्रात लिहून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती द्यावे लागते. या पत्रास ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. त्याच्या कल्पनेचा उगम ‘ओपन फर्मवेअर’ या पद्धतीत असून तिचे आयईईई मानक १९९४ मध्ये निश्चित झाले. २०११ नंतर ‘आर्म’ जातीच्या चिपांसाठी लिनक्सने या पत्राचा सर्रास अवलंब केला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. एका नमुन्याचे फलक हजारो असले तरी त्यांचे वर्णनपत्र एकच असते. त्या पत्रातच मॅक पत्ता लिहून टाकला, तर ते हजारो फलक एकाच पत्त्याने बोलू लागतील. मग या पत्रात पत्त्याविषयी काय लिहावे आणि काय लिहू नये?

एका चिपचे उदाहरण

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचे भारतातील केंद्र १९८५ मध्ये बंगळूर येथे सुरू झाले. या कंपनीची ‘एएम३३५एक्स’ ही चिप ‘बीगलबोन ब्लॅक’ या २०१३ मध्ये निघालेल्या छोट्या संगणकात आहे. कारखान्यातच या चिपमध्ये मॅक पत्ते कायमचे नोंदविलेले असतात. वर्णनपत्र केवळ ते चिपच्या कोणत्या भागात सापडतील याचा निर्देश करते; तेथून प्रत्यक्ष पत्ता वाचण्याचे काम आज्ञावली करते. यंत्र सुरू करणारी प्रारंभिक आज्ञावली हा पत्ता वर्णनपत्रातील राखून ठेवलेल्या रकान्यातही भरू शकते. परंतु ती भर स्मृतीतील प्रतीत पडते, सर्वांच्या मूळ पत्रात नव्हे. ही व्यवस्था निर्दोष आहे.

याच चिपच्या बाबतीत दुसरी गोष्ट मात्र वेगळी घडली. तिच्यात ईथरनेटची दोन द्वारे आहेत. ती मिळून एक स्विच म्हणून वापरता येतात, किंवा दोन स्वतंत्र द्वारे म्हणून. पहिल्या रीतीत लिनक्सच्या दृष्टीने एकच द्वार व एकच पत्ता असे. दुसरीत दोन द्वारे व दोन पत्ते. यांपैकी कोणती रीत चालावी हे पूर्वी वर्णनपत्रातील एका शब्दावरून ठरत असे. चिप तीच, फलक तोच. तरी वापर बदलावयाचा तर वर्णन बदलावे लागे. वस्तुतः ते वर्णन नव्हेच. तो निर्णय होता. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.५ मध्ये नवी चालक-आज्ञावली आली. तिच्या योगाने यंत्र चालू असतानाच वापरणाऱ्याला ही निवड करता येऊ लागली.

सीमारेषा कोठे?

निर्णयाची जागा वेगळी ठेवण्याची रीत जुनी आहे. सन कंपनीच्या संगणकांत सर्व द्वारांना मिळून एकच पत्ता द्यावा, की प्रत्येक द्वाराने आपापला पत्ता वापरावा, हे ठरविणारी एक कळ प्रारंभिक आज्ञावलीत होती आणि ती व्यवस्थापकाला फिरविता येत असे. आजचे अनेक मोबाइल फोन वायफाय जालात जाताना मालकाचा माग लागू नये म्हणून मुद्दाम यादृच्छिक पत्ता धारण करतात; ‘अँड्रॉइड १०’ या २०१९ च्या आवृत्तीत ही रीत सामान्य नियमच बनली. असा नियम वर्णनपत्रात गोठविला, तर मालकाचा अधिकार फलक बनविणाऱ्याकडे जाईल.

एक प्रसंग मात्र खरोखर सीमेवरचा आहे. काही फलकांवर एकच मूळ पत्ता साठविलेला असतो आणि इतर द्वारांनी त्यात एक, दोन, तीन मिळवून आपापला पत्ता काढावयाचा असतो. ही बेरीज वर्णनपत्रात लिहावी काय? निर्मात्याने तेवढे पत्ते त्या फलकासाठी राखून ठेवले असतील व कोणत्या द्वारास कोणता, हे ठरविले असेल, तर ती घडणीतील वस्तुस्थिती आहे; ती लिहावी. तसे राखून ठेवलेले नसतील, तर ही बेरीज कदाचित शेजारच्या फलकाचाच पत्ता उचलील.

यावरून एक साधी कसोटी हाती येते. फलकाचा मालक बदलला, जागा बदलली, उपयोग बदलला, तरी जे विधान त्या नमुन्याच्या प्रत्येक फलकाविषयी खरे राहते, ते वर्णनपत्रात असावे. पत्ता कोठे आहे हे विधान या कसोटीस उतरते. तो कोणी, केव्हा व किती काळ धारण करावा, हे ठरविणे यंत्र चालविणाऱ्याचे काम होय.