किलोभर तांब्यासाठी क्विंटलभर दगड

कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं, की दुकानं दिसण्याआधीच ठोके ऐकू येतात. ठण् ठण् ठण्! पेशवाईत तांबट मंडळी कोकणातून पुण्यात आली आणि इथेच पिढ्यान् पिढ्या बंब, घंगाळी, हंडे घडवत राहिली. त्यांच्या हातोडीखाली भांड्यावर चकचकीत ठिपक्यांच्या रांगा उमटतात, ते मठारकाम. नुसती नक्षी नव्हे बरं का! ठोके खाऊन तांबं कडक होतं, पातळ पत्र्यालाही ताकद येते. फारच कडक झालं तर पत्रा तडकायचा, म्हणून मधेमधे तो भट्टीत लालबुंद तापवतात, की पुन्हा मऊ.

आता सांगा, एक किलोची कळशी घडवायला खाणीतून किती दगड काढावा लागत असेल? दोन किलो? दहा?

गोंदियाच्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड नावाचं गाव आहे. तिथे आपल्या देशातली तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण. हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी १९८२ पासून ती चालवते आहे. तिथल्या शंभर किलो खनिजात तांबं असतं साधारण एक किलो! म्हणजे एका कळशीमागे क्विंटलभर खनिज, आणि त्यावरचा बिनकामाचा खडक खणून बाजूला टाकायचा तो वेगळाच. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यनची खाण तर खणून खणून सुमारे १२०० मीटर खोल गेली आहे. पुण्याच्या सपाटीवरून वर उठलेला अख्खा सिंहगड तिच्यात मावेल आणि वर भरपूर जागा उरेल.

त्या दगडातून तांबं वेगळं कसं करतात, ही मला सगळ्यांत भारी वाटणारी गोष्ट. दगडाचं पिठासारखं बारीक चूर्ण करून पाण्यात कालवतात. त्यात असं रसायन घालतात, की तांब्याच्या खनिजाच्या कणांना पाणी नकोसं होतं. मग खालून हवा सोडतात. बुडबुडे वर येताना ते कण त्यांना चिकटतात आणि चक्क फेसावर तरंगतात! साधा दगड तळाशी जातो. फेस काढून घ्यायचा, वाळवायचा, भट्टीत वितळवायचा.

एवढं करूनही थोडी भेसळ राहतेच. मग त्या तांब्याची जाड पाटी मोरचुदाच्या निळ्या, आंबट पाण्यात टांगून वीज सोडतात. तांबं एका पाटीवरून सुटून समोरच्या पाटीवर जाऊन बसतं, अगदी शुद्ध. आणि तळाशी साठलेल्या चिखलात कधीकधी सोनं-चांदीही निघते.

भारतात तांब्याच्या खनिजाचे मोठे साठे राजस्थान, मध्य प्रदेश आणि झारखंडमध्ये आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही ठाणेवासना इथे थोडं सापडलं आहे. पण पंखे, मोटारी, विजेच्या तारा यांची भूक एवढी, की बरंचसं तांबं आणि त्याचं खनिज परदेशातून आणावं लागतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या माणसांनाही तीन हजार वर्षांपूर्वी तांब्याची टंचाई होतीच. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे उत्खनन केलं, तेव्हा तांब्याच्या वस्तू मोजक्याच मिळाल्या. रोजच्या कापाकापीला ती माणसं दगडी पातीच वापरत.

म्हणून घरातलं फुटकं तांब्याचं भांडं कचऱ्यात टाकू देऊ नका, मोडीत द्या. तांबं कितीही वेळा वितळवलं तरी तांबंच राहतं. तुमच्या पंख्यातली तार कदाचित कधीकाळी कुणा पणजीबाईंचं घंगाळ असेल!